चंद्रपूरचा बर्फ, दख्खनचा लाव्हा

मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांची यादी छापून आली की चंद्रपूरचे नाव तिच्यात वरच्या बाजूला असतेच. पारा ४५ अंशांपुढे गेला तरी तिथल्या माणसाला नवल वाटत नाही. याच चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या इरई इथे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांना चुनखडकाची एक उघडी लादी दिसली. ती घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे होते. लादीच्या वर बारीक चिखलात रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा थर होता. वाहत्या पाण्याने गोटे गोल होतात, वाऱ्याने खडक झिजतो. पण असे सरळ ओरखडे उमटतात ते हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून घासत गेल्यावर. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या जमिनीवरून बर्फाचे जाड थर सरकत होते.

त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही सापडतात. आज या प्रदेशांच्या मध्ये महासागर पसरले आहेत. तेव्हा मात्र हे सारे भूभाग एकमेकांना चिकटलेले होते आणि दक्षिण ध्रुवाकडच्या थंड पट्ट्यात होते. चंद्रपूरची जमीन तिथून निघून आज आहे तिथवर आली आहे.

सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचा विषय हाच आहे: पृथ्वीच्या अंतरंगातले थर, तिच्यावरचे खडक आणि ते खडक पाठीवर घेऊन सरकणारे भूपट्ट. शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे तीन विषय बहुधा तीन वेगळ्या धड्यांत येतात. भूकवच, प्रावरण, गाभा ही नावे पाठ होतात; अग्निज, स्तरित, रूपांतरित हे प्रकार पाठ होतात; परीक्षा झाली की दोन्ही याद्या विसरल्या जातात. याद्या विसरल्या जातात, कारण त्यांच्यामागचा प्रश्न मुलांपर्यंत पोहोचलेला नसतो. पृथ्वीच्या केंद्रापर्यंत कोणी गेलेले नाही, ३० कोटी वर्षांपूर्वी कोणी पाहायला नव्हते. मग हे कळले कसे? या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण त्या प्रश्नापासून सुरू होते. उत्तरे शोधताना तिन्ही धडे एकमेकांत मिसळतात आणि त्यांची एकच गोष्ट होते.

पहिला भाग पृथ्वीच्या पोटाचा. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे. तिथे १९७० मध्ये काम सुरू झाले आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटरची खोली गाठली गेली. तिथला खडक अपेक्षेपेक्षा कितीतरी गरम निघाला, सुमारे १८० अंश सेल्सिअस, आणि पुढे खणणे अशक्य झाले. एवढे कष्ट करून गाठलेली ही खोली केंद्रापर्यंतच्या अंतराचा पाचशेवा भागही भरत नाही.

उरलेल्या अंतराची माहिती भूकंपांनी दिली, आणि तिची सुरुवात भारतात झाली. १२ जून १८९७ रोजी शिलाँगचे पठार आणि आसाम प्रचंड भूकंपाने हादरले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. हजारो किलोमीटर दूर युरोपातल्या उपकरणांवरही त्या भूकंपाच्या नोंदी उमटल्या होत्या. ओल्डहॅम यांनी त्या नोंदींतून तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या काढल्या: सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी, त्यांच्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरी आणि पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या लहरी. १९०६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की फार खोलातून जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात. म्हणजे पृथ्वीच्या आत वेगळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे.

पुढचे शोध भराभर लागले. क्रोएशियातल्या आंद्रिया मोहोरोविचिच यांना १९०९ मध्ये भूकवचाचा तळ सापडला. तो खंडांखाली सरासरी ३० ते ४० किलोमीटरवर असतो, महासागरांखाली अवघ्या सात-आठ किलोमीटरवर. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सुरुवात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर मोजली. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि गाभ्यातून त्या पलीकडे जात नाहीत, यावरून बाह्यगाभा द्रवरूप असल्याचे ठरले. सारा गाभाच द्रवरूप असावा, असे मग धरून चालले होते. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी न्यूझीलंडकडच्या भूकंपाच्या नोंदी तपासताना काही लहरी नको त्या ठिकाणी पोहोचलेल्या पाहिल्या. त्या कशावरून तरी वळून आल्या होत्या. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक, घन गाभा आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुढे खरा ठरला. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. तो लोखंड आणि निकेलचा आहे, आणि पाच हजार अंशांहून अधिक तापमान असूनही वरच्या प्रचंड दाबामुळे घन राहिला आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. भूकवचाखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र उकळत असतो, असे अनेक मुलांना वाटते आणि काही मोठ्यांनाही. तसे नाही. पृथ्वीच्या आकारमानाचा चारपंचमांशाहून अधिक भाग व्यापणारे प्रावरण जवळजवळ सगळे घन खडकाचे आहे. हिमनदीतला बर्फ घन असूनही उतारावरून हळूहळू वाहतो. प्रावरणातला तापलेला खडकही लाखो वर्षांच्या हिशेबात तसाच वाहतो. तो वितळतो फक्त काही ठिकाणी, दाब कमी झाल्यावर किंवा पाणी मिसळल्यावर. त्या खालच्या बाह्यगाभ्यातले द्रव लोखंड मात्र सतत घुसळले जाते आणि त्या हालचालीतून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. या चुंबकीय क्षेत्राकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण पुस्तकाच्या तिसऱ्या भागात मोठा पुरावा त्याच्यामुळेच हाती लागतो.

दुसरा भाग खडकांचा, आणि इथे महाराष्ट्रातला विद्यार्थी फार भाग्यवान आहे. त्याच्या घरातला पाटा-वरवंटा, गावातले हेमाडपंती देऊळ, रस्त्यावरची खडी, रायगडाचा कडा आणि वेरूळचे कैलास लेणे हे सारे एकाच काळ्या पाषाणाचे आहे. हा बेसॉल्ट म्हणजे गोठलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि एकावर एक थर साचत गेले. खूप झीज होऊनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर ते पसरलेले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. घाटातून जाताना समोरच्या डोंगरावर आडव्या पट्ट्या दिसतात, उभा कडा आणि त्याखाली उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. तो प्रत्येक कडा म्हणजे लाव्हाचा एखादा टणक थर. महाराष्ट्राच्या गिरिदुर्गांना तुटलेले कडे आणि वर सपाट माथा मिळाला तो या रचनेमुळे.

विहिरी खणणाऱ्यांना हे थर पुस्तकाशिवाय माहीत असतात. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू अशी त्यांची नावे आहेत. गेरूचा तांबडा पट्टा दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडतो. आधीचा थर थंड झाला, हवा-पाण्याने त्याची माती झाली आणि मग नवा लाव्हा येऊन ती भाजून निघाली, असे तो सांगतो. लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची जी पोकळी राहिली तिच्यात पुढे खनिजांचे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले कॅव्हॅन्साइटचे गर्द निळे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दगडी खांबांचीच बनलेली आहे. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि बहुकोनी भेगा पडून असे खांब तयार होतात.

कोकणात उतरले की याच कुळातला दुसरा दगड भेटतो, जांभा. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये लाखो वर्षांत वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. खाणीत असताना हा दगड तुलनेने मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. उघड्या हवेत तो टणक होतो. रत्नागिरीचे सडे आणि पाचगणीचे टेबललँड हे जांभ्याचेच माथे आहेत.

महाराष्ट्र म्हणजे फक्त बेसॉल्ट, असे मानले तर मात्र विदर्भावर अन्याय होईल. चंद्रपूर, यवतमाळ भागात गाळ साचून बनलेले स्तरित खडक आहेत आणि त्यांच्यात कोळसा आहे. बर्फ वितळल्यावर त्या भूमीवर उगवलेल्या दलदलीच्या अरण्यांचा तो कोळसा. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या स्तरित खडकांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची विष्ठाही दगड होऊन राहिली आहे. २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचे जाहीर केले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, हा तोवरचा समज त्या शेणगोळ्यांनी मोडीत काढला. भंडारा आणि नागपूरकडे वळले की रूपांतरित खडक भेटतात. जुन्या गाळाच्या थरांवर खोल जमिनीत उष्णता आणि दाब यांची प्रक्रिया झाली आणि तिथली मॅंगनीजची खनिजे त्याच खडकांमध्ये आहेत. गोव्याचे लोहखनिजही अशाच अतिप्राचीन, रूपांतरित खडकांच्या पट्ट्यांतून येते.

हे तीन प्रकार कायमचे वेगळे नसतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून कृष्णा-गोदावरीच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागरात जातो आणि तिथे गाळ होऊन साचतो. तो दाबला गेला की स्तरित खडक होतो. आणखी खोल गेला तर रूपांतरित होतो, वितळला तर पुन्हा अग्निज. खडकांना एवढे खाली नेते कोण आणि वर आणते कोण, हे विचारले की पुस्तक तिसऱ्या भागात शिरते.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात, असा विचार मांडला. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे जुळतात एवढ्यावर ते थांबले नाहीत. समुद्राच्या दोन्ही काठांवर सारखे खडक, सारखे जीवाश्म आणि भारतासारख्या उष्ण देशांत हिमनद्यांच्या खुणा, हे सारे पुरावे त्यांनी एकत्र आणले. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने भारताच्या कोळशाच्या खाणींत सापडतात, तशीच दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही. १९१२ मध्येच कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. अंगात त्राण उरले नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. चंद्रपूरच्या कोळशातली वनस्पती अंटार्क्टिकावरही वाढली होती.

तरीही बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी वेगेनर यांचे म्हणणे स्वीकारले नाही. एवढे अजस्र खंड कशाच्या जोरावर सरकतात, याचे पटणारे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला. त्या प्रश्नाचे उत्तर महासागरांच्या तळाशी होते. अमेरिकेत मारी थार्प यांनी १९५०च्या दशकात खोली मोजलेल्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले, तेव्हा महासागराच्या मधोमध गेलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना एक खोल दरी दिसली. तळ तिथे दुभंगत होता. १९६०च्या दशकात हॅरी हेस यांनी त्याचा अर्थ लावला: तिथे नवा सागरतळ जन्माला येतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि दुसरीकडे खोल गर्तांमध्ये पुन्हा प्रावरणात जातो. १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी अशा सागरी रांगांच्या दोन्ही बाजूंना तळाच्या खडकात नोंदल्या गेलेल्या चुंबकीय पट्ट्यांचा उलगडा केला आणि शंका मावळत गेल्या. खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडतात, पण महासागरांच्या तळाचा जवळजवळ सगळा खडक २० कोटी वर्षांहून तरुण आहे, याचे कारणही त्यामुळे कळले.

या शोधात दख्खनच्या काळ्या पाषाणाने दिलेली साक्ष प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवी. लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त खनिजांचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिर होतात आणि तसेच राहतात. हे क्षेत्र विषुववृत्ताजवळ जमिनीला समांतर असते, ध्रुवांकडे जावे तसे अधिकाधिक तिरपे होत जाते. म्हणून दगडातला तिरपेपणा मोजला की तो कोणत्या अक्षांशावर गोठला ते काढता येते. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टचे नमुने असे तपासले. हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंश अक्षांशाच्या आसपास गोठल्याचे आज अशा मोजमापांवरून मानले जाते. महाराष्ट्र आज उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे. म्हणजे ४९ अंशांचा प्रवास, सुमारे ५,४०० किलोमीटर. त्याला ६.६ कोटी वर्षांनी भागले तर वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर येतात. हे गणित सातवीचा विद्यार्थी वहीत सोडवू शकतो. सुरुवातीला वेग याच्या जवळपास दुप्पट होता. आशियाला धडक बसल्यावर तो कमी झाला.

ती धडक सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. मधला टेथिस समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ घड्या पडून वर उचलला गेला, तोच हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्री जीवांचे अवशेष आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक देवघरांत नेपाळच्या गंडकी नदीतून आलेला शाळिग्राम पुजला जातो. त्याच्यावरचे चक्र म्हणजे टेथिसच्या पाण्यात राहणाऱ्या, शिंपल्याचे घर असलेल्या ॲमोनाइट नावाच्या जीवाची खूण. दख्खनला लाव्हा पुरवणारा खालचा उष्ण स्रोत मात्र भारताबरोबर आला नाही. भूपट्ट त्याच्यावरून पुढे सरकत गेला आणि लक्षद्वीप, मालदीव यांना जोडणारी सागरतळावरची रांग मागे उमटत गेली. त्याच स्रोतावर आज रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

हा सारा इतिहास महाराष्ट्राच्या वर्तमानाशी जोडलेला आहे, आणि पुस्तकातले शेवटचे प्रकरण त्याविषयी आहे. दख्खनचे पठार भूपट्टाच्या कडेपासून दूर आहे, म्हणून तिथे मोठे भूकंप होत नाहीत, असे पूर्वी समजले जाई. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. धरणाच्या जलाशयातले पाणी खोल भेगांत उतरून तिथला दाब वाढवते आणि आधीपासून ताणलेला खडक निसटतो, असे या भूकंपाचे कारण मानले जाते. जगभरात अशा भूकंपांची चर्चा कोयनेच्या उल्लेखावाचून होत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारी परिसर ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने उद्ध्वस्त झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे वजनदार छप्पर यांखाली बहुतेकांचा जीव गेला. भारताचा भूपट्ट उत्तरेला रेटला जातो तेव्हा तो ताण पठाराच्या मध्यभागीही साठतो, हे किल्लारीने दाखवले. कुठल्या भागात कसे घर बांधावे, हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातल्या या प्रकरणांशी थेट बांधलेला आहे.

कोयनेचे कोडे सोडवण्याचे काम अजून चालू आहे. कराडच्या भूछिद्र भूभौतिकी प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र खणले गेले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट व नाइस हे कितीतरी जुने खडक लागले. लाव्हा पसरण्यापूर्वीचा महाराष्ट्र तिथे अंधारात जसाच्या तसा आहे. भूकंप नेमका केव्हा होईल, हे आजही सांगता येत नाही. डायनोसॉरांच्या नाशात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती आणि मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीचा किती, यावरही अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. असे खुले प्रश्न पुस्तकात खुलेच ठेवले आहेत.

शिक्षकांना एक विनंती. दुसरा भाग वर्गात वाचून संपवू नये. गावाजवळची खाण, विहिरीचा उपसा किंवा घाटातली रस्त्यासाठी कापलेली दरड पाहायला मुलांना न्यावे; सुट्या दगडांच्या जवळ आणि कड्याखाली मात्र थांबू नये. लेण्यांतला, किल्ल्यांतला आणि गिल्बर्ट टेकडीसारख्या जागांतला दगड फोडू नये. रस्त्याकडेच्या खडीत हवे तेवढे नमुने मिळतात. प्रत्येक नमुन्यावर गावाचे नाव, तारीख आणि तो कुठल्या थरातून आला याची चिठ्ठी लावावी. भिंगाने स्फटिक, बुडबुड्यांची छिद्रे आणि गाळाच्या रेघा पाहाव्यात. पहिल्या प्रकरणाला सुरुवात करण्यापूर्वी अशा दहा-बारा दगडांची पेटी वर्गात तयार असेल, तर पुढची पाने वाचताना मुलांना चित्रांच्या जोडीला हातात धरायला खराखुरा खडक असेल.